माळावरून आणलेलं नेट

आमच्या घरात फोन कधी वाजला नाही. फोन होते, पण ते वाजायचे माळावर. कडावच्या पुढे डांबरी सोडून आत वळलं की आमची वाडी, आणि वाडीच्याही खाली, ओढ्याच्या अंगाला, खोलगटात आमचं घर. मागून डोंगराची एक सोंड अशी आडवी आली होती की टॉवर तिच्या पलीकडे राहायचा. घरात फोनवर रेंजची एक दांडी दिसली तरी आई ओरडायची, "आली गं, धावा!" आणि आम्ही पोचेपर्यंत ती गेलेली असायची. कुणाशी बोलायचं तर परसातून निघून, आमचा बांध, मग शेजारच्या बाळूदादाचं वावर, मग थोडी चढण, असं माळावर जायचं. तिथे आमच्या बोअरची मोटर होती, मोटरीची पत्र्याची खोली होती, आणि त्या खोलीच्या पाठीमागे उभं राहिलं की सगळं जग फोनमध्ये यायचं. माझी बारावी मी त्या पत्र्याला पाठ लावून केली. उन्हात पत्रा तापायचा, पाठ भाजायची, तरी तिथून हलायचं नाही, कारण दोन पावलं इकडेतिकडे झाली की फोनमधल्या शिकवणाऱ्याचं तोंड उघडंच राहायचं.

ताईला याची कधी अडचण झाली नव्हती. ती सकाळीच घराबाहेर पडायची. कर्जतला एका क्लासमध्ये ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची आणि तिच्या हाताखालची मुलं गणिताला घाबरत नाहीत असं लोक सांगायचे. स्वतःच्या पगारातून तिने घरी कंप्यूटर आणला होता. तो घ्यायला ती आणि आप्पा टेंपोतून गेले होते आणि येताना आप्पा पाठीमागे, हौद्यात, खोक्याला मिठी मारून बसले होते. आप्पा माझे वडील. कुंभिवलीच्या बाजूला एका कंपनीत फिटर होते, उरलेल्या वेळात शेती. जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. ताईवर त्यांचा फार जीव. ती बोलायला लागली की ते हातातलं काम खाली ठेवून ऐकायचे, तिचं म्हणणं कळो न कळो.

चौकच्या पुढे जुन्या हायवेवर ताईच्या स्कूटीला मागून टेंपोने उडवलं. ती क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या साखरपुड्याहून परत येत होती. कंबरेच्या वर तिला कुठे फार लागलं नव्हतं. कंबरेच्या खाली तिला पुन्हा कधी काही लागलंच नाही. चिमटा काढला तरी नाही, गरम पाणी सांडलं तरी नाही. हे वाक्य लिहायला मला इतकं आयुष्य गेलं. तेव्हा आम्ही घरात ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतो.

ताई घरी आली तशी घराचे आवाज बदलले. पुढच्या खोलीत तिची खाट, खाटेवर हवेची गादी, आणि गादीला हवा भरणारा एक छोटा पंप. तो पंप सारखा गुरगुरायचा. त्या आवाजाची इतकी सवय झाली की लाईट गेली आणि पंप थांबला की जेवता जेवता आमचे घास थांबायचे. पंप थांबला म्हणजे ताईला हातांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखम. आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, तशीच पिठाच्या हातांनी उठायची, हात धुवायची, यायची. कडव्या वालांचं बिरडं हे ताईचं लाडकं. आई वाल मोड आणून, एकेक सोलून, ताईच्या खाटेशी बसून करायची. ताई दोन घास खायची आणि म्हणायची, "छान झालंय." उरलेलं ताट कुत्र्याला. जास्त खाल्लं की आईला जास्त करावं लागतं, हा तिचा हिशेब आम्हाला सगळ्यांना कळला होता आणि कुणालाच तो मोडता येत नव्हता.

क्लासचे सर एकदा भेटायला आले. निघताना म्हणाले, "ज्योती, आता सगळं ऑनलाईन चालतं. तू घरी बसून शिकव. कंप्यूटर आहेच तुझ्याकडे. फक्त नेट नीट हवं." ते सहज बोलले असतील. पण ताईच्या तोंडावर त्या दिवशी जे आलं ते आम्ही कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. सर गेल्यावर आप्पांनी विचारलं, "म्हंजी नेट आलं की तुला शिकवता येल?" ताई म्हणाली, "आप्पा, हितं कसं येल नेट?" वाडीपर्यंत कुणाची वायर आली नव्हती, येणारही नव्हती. कर्जतला खोली घ्यायचं बोलणं निघालं, पण खाली राहायला मिळेना, वर जिना, आणि गुरं कुणावर टाकायची. ते बोलणं विरून गेलं.

मग आप्पांनी पहिला उपाय केला तो साधा होता. ताईलाच माळावर न्यायचं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, पुढे आप्पा, मागे बाळूदादा, आणि ताई मध्ये. बाळूदादा लांबच्या नात्यातला, स्वभावाने थट्टेखोर. तो वाटेत म्हणत होता, "वाजवा रं कुनीतरी, नवरी चालली!" ताई हसली. माळावर वारा होता, टॉवर समोर होता, सगळ्या दांड्या भरून आलेल्या. ताईने फोनवरून दोन-तीन मुलांशी बोलून पाहिलं, डोळे मिटून थोडा वेळ ऊन घेतलं. घरी आणल्यावर आईने पाठ उघडली तर माकडहाडापाशी कातडं सोलवटलं होतं. ताईला कळलंही नव्हतं. ती जखम शेवटपर्यंत पुरती भरली नाही. डॉक्टरांनी खुर्ची बंद करायला सांगितली. खाटेला टेकण लावून थोडा वेळ बसायचं, तेवढंच.

त्या संध्याकाळी आप्पांनी खुर्चीचे बांबू सोडले. मग मला म्हणाले, "मने, ती माळावर जाऊ शकत नाय. मग माळ हितं आनायचा."

आता मी म्हातारी झाले. घरबसल्या जगाशी बोलणाऱ्या माझ्या नातवंडांना मी सांगते की एके काळी नेट शेतातून पाण्यासारखं आणावं लागायचं, आणि ती हसतात. पण आप्पांनी ते खरंच पाण्यासारखंच आणलं. कर्जतच्या दुकानदाराने समजावलं ते असं: माळावर एक फोन ठेवायचा, त्याचं हॉटस्पॉट चालू करायचं. हॉटस्पॉटचा जोर फार तर अंगणाएवढा. म्हणून फोनशेजारी पाइप रोवून त्यावर एक पांढरा डबा लावायचा, तो फोनचं नेट धरून लांब फेकणार. तसाच दुसरा डबा आमच्या घराच्या कौलांवर, तो ते झेलणार, आणि तिथून वायर खाली ताईच्या कंप्यूटरला. अट एकच, दोन्ही डबे एकमेकांना दिसले पाहिजेत, मधे काही येता कामा नये.

मधे बाळूदादाचा आंबा येत होता.

आप्पा तीन वेळा त्याच्या दारात जाऊन न बोलता परत आले. मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या, झाड असं लगडलं होतं आणि आडवी येत होती ती नेमकी सगळ्यात भरलेली फांदी. शेवटी बाळूदादाच आला. म्हणाला, "काका, माळावर पाइप कसला उभा केलात?" आप्पांनी सांगितलं. फांदीचं सांगितलं नाही. बाळूदादाने पाइपापाशी उभं राहून घराकडे पाहिलं, मग आंब्याकडे. दुपारी कोयत्याचे घाव ऐकू आले. आई पदर तोंडाला लावून परसात उभी राहिली. संध्याकाळी पाटीभर कैऱ्या आमच्या ओट्यावर आल्या आणि बाळूदादा ताईला म्हणाला, "लोणचं घाल म्हनावं आईला. आनि माझ्या पोरीला पन शिकव गं, ती लई ढ हाय."

बसवताना आप्पा आणि मी दिवस दिवस ओरडत होतो. ते कौलांवर, मी माळावर. ते डबा बोटभर फिरवायचे आणि हाक द्यायचे, "हाय का?" मी डब्यावरचा दिवा बघून ओरडायची, "नाय!" मधल्या वावरात बाळूदादा उभा राहून आमचे शब्द इकडून तिकडे पोचवायचा. माळावरच्या लाईटचा भरवसा नव्हता म्हणून आप्पांनी गाडीची जुनी बॅटरी मोटरीच्या खोलीत ठेवली. फोन उन्हाने तापून बंद पडायचा, म्हणून त्याला मातीच्या माठात ठेवलं आणि माठाला बाजूने भोकं पाडली. आणि मग एका दुपारी घरातून ताईची हाक आली, "आलं!" मला माळावर ती ऐकू आली नाही, पण आप्पा कौलांवर होते तिथेच, दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसलेले दिसले.

ताईने शिकवायला सुरुवात केली. खाटेला टेकण, मांडीवर पाट, पाटावर लिहायची पाटी, ती कंप्यूटरला जोडलेली. वर इस्त्रीचा कुर्ता, ओढणी, कपाळाला टिकली. कंबरेखाली चादर. कॅमेऱ्यात एवढंच दिसायचं की मॅडम घरून शिकवतात. अपघात झाला होता हे मुलांना माहीत होतं, पण मॅडम आता बऱ्या आहेत असं सरांनी सांगितलं होतं आणि ताईने ते तसंच राहू दिलं. तिचे दोन आवाज होते. घरात आमच्यासारखीच बोलायची, हाय, नाय, आमी, तुमी. क्लासमध्ये तिचं बोलणं एकदम स्वच्छ व्हायचं. "बघा, इथे चूक कुठे झाली आहे? घाबरू नका, बोला." तो दुसरा आवाज सुरू झाला की आई गॅस बारीक करायची, आप्पा दाराबाहेर पायरीवर बसायचे. पोटभर ऐकायचे. त्या उन्हाळ्यात ताई बिरडं मागून घ्यायला लागली. मला वाटतं, माझ्या आईवडलांच्या आयुष्यातले ते शेवटचे चांगले दिवस.

पावसाळा लागला आणि नेट तुटायला लागलं. बॅटरीत पाणी शिरायचं, माठात मुंग्या व्हायच्या, वाऱ्याने पाइप हलायचा आणि डब्याची नजर घरावरून ढळायची. आंब्याला कापल्या जागी नवी पालवी फुटून ती उंच गेली. क्लास चालू असताना मुलांचे चेहरे जागच्या जागी गोठायचे. आप्पा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धावत निघायचे. कधी जमायचं, कधी नाही. सरांचा सूर बदलला. "जरा बघा ना काहीतरी, पालक विचारतात." आप्पांनी कंपनीतून रजा काढल्या. पुढे पुढे तर क्लासच्या वेळेला ते माळावरच बसून राहायचे, पाइपाला हात लावून. लावणीही त्या वर्षी अर्धी राहिली.

गणपती होऊन गेले होते. दुपारचा तास होता, वर्तुळाचा धडा. लाईट नव्हती, तासासाठी घेतलेला लहान इन्व्हर्टर फक्त कंप्यूटर आणि डबा ओढायचा, आणि गादीचा पंप बंद. ताई सांगत होती, "म्हणजे स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यातला कोन किती असणार?" आणि मुलं गोठली. तिने दोनदा हाका मारल्या. मग हातातली लेखणी पाटावर ठेवली. बाहेर सोसाट्याचा वारा. माळावर आप्पा पाइपाला लोंबकळत असणार हे आम्हाला दिसत नसूनही दिसत होतं.

आई म्हणाली, "तोवर वळून घे. पंप बंद हाय कवाचा. पट्टी बी बदलायची हाय." मी पाट उचलला. ताईला आम्ही दोघींनी भिंतीकडे कुशीवर केलं. कंप्यूटरकडे तिची पाठ आली. आईने कुर्ता वर केला, पट्टी सोडली. मी ताईचे खांदे धरले होते. जखमेचा वास खोलीत पसरला. आणि ताई बोलायला लागली. हळू नाही, ओरडून. इतक्या महिन्यांत एकदाही न ओरडलेली माझी बहीण भिंतीकडे तोंड करून ओरडत होती.

"आये, किती दिस गं असं? मेलेलं ढोर बी गावाभायेर नेऊन टाकतात. मला कशाला ठेवलंय तुमी? आप्पा तकडं माळावर मरतोय पावसात, आनि मी हितं कुजतेय. वास येतोय मला माझाच. येतोय का नाय? खरं सांग. येतोय का नाय?"

 आई जखम पुसत राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताईच्या कंबरेखाली पडत होतं आणि ताईला ते समजत नव्हतं.

मी मान वर केली ती अशीच, त्या पाठीकडे बघवेना म्हणून. कंप्यूटरवरची मुलं हलत होती. सगळ्या चौकटींतली सगळी मुलं, कुणाचाही आवाज नाही, कारण तासाला आपापला आवाज बंद ठेवायचा ही ताईचीच शिस्त. एका मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. एका मुलाच्या मागे त्याची आई येऊन उभी राहिली होती. नेट आलं होतं. कधीपासून आलं होतं कोण जाणे. मी झेप घेऊन कंप्यूटरची वायर उपटली. त्या आवाजाने ताईने विचारलं, "काय झालं?"  आईने माझ्याकडे पाहिलं, मग काळ्या पडलेल्या पडद्याकडे. ताईला माझ्या गप्प राहण्यातून सगळं कळलं. तिने स्वतःच्या हाताने कुर्ता खाली ओढायचा प्रयत्न केला. हात तिथवर पोचत नव्हता.

तेवढ्यात आप्पा आले. नखशिखांत भिजलेले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हाताला पाइपाचा गंज. दारातूनच म्हणाले, "आलं न? आलं न गं नेट? मी बघितला, हिरवा दिवा लागला, मग सोडलाच नाय मी त्याला. धरूनच बसलो." आईने ताईचा कुर्ता खाली ओढला. "काय गं? नव्हतं आलं?"

"आलं व्हतं," आई म्हणाली.

"मग बंद का केलं?"

भिंतीकडे तोंड केलेल्या ताईने सांगितलं, "तास संपला, आप्पा."

सरांचा फोन मी माळावर घेतला. ते वाईट माणूस नव्हते.  पालकांचे फोन येत होते, मुलांच्या मनावर परिणाम होतो म्हणत होते, ज्योतीने काही दिवस विश्रांती घ्यावी, दुसऱ्या कुणाला तरी तास देऊ. मी घरी येऊन सांगितलं. ताईने मान हलवली. पुढच्या रविवारी तिच्या क्लासच्या चार-पाच मुली विचारत विचारत वाडीत आल्या, हातात फुलं आणि पिशवीत सफरचंदं. ताईने दार लावायला सांगितलं. मुली ओट्यावर बसल्या, आईने दिलेला चहा प्यायल्या. त्यातली जी तोंडावर हात घेऊन बसली होती ती मला म्हणाली, "मॅडमना सांगा, आम्हाला काही वाटलं नाही." मी आत जाऊन सांगितलं. ताई म्हणाली, "त्यांना नाय वाटलं. मला वाटलं न." मुलींनी फुलं ओट्यावर ठेवली आणि गेल्या.

आप्पांना आम्ही कुणीच सांगितलं नाही. त्यांनी धरलेल्या पाइपामधूनच ते सगळं तिकडे पोचलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांना एवढंच सांगितलं की नेट तुटतं म्हणून सरांनी तास दुसऱ्याला दिला. ते खरंही वाटण्यासारखं होतं. आणि आप्पांनी ते अगदी मनावर घेतलं. भात कापून झालं तसे ते पुन्हा माळावर गेले. पाइप काढून त्याहून उंच पाइप सिमेंटात रोवला, चारी बाजूंनी तारा ओढल्या. नवी बॅटरी आणली, तिच्यावर सोलरचा पत्रा. माठाऐवजी लाकडी पेटी, तिला जाळी. बाळूदादाने न सांगता पुन्हा आंब्यावर कोयता चालवला. ताई दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायची. ताप यायचा, उतरायचा. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचल्याचं डॉक्टरांनी आईला आणि मला सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. पण त्या हिवाळ्यात घरात दोनच गोष्टी चालू होत्या, गादीचा पंप आणि माळावरची ठोकाठोक.

एका सकाळी आप्पा हात पुसत आत आले. "जोते, लाव बघू कंप्यूटर."

मी ताईला वळवलं, टेकण लावलं. ती नको म्हणाली नाही. कुणीतरी कुठलीतरी भाजी करत होतं असं काहीतरी तिने लावलं. आप्पा तिच्या मागे उभे राहून बघत होते. भाजीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चित्र कधी अडकतं याची ते वाट बघत होते. बाई कांदा चिरत होती, फोडणी देत होती, हसत होती, कुठेही थांबत नव्हती. भाजी शिजून झाली.

"बघ," आप्पा म्हणाले. "थांबत नाय."

"नाय थांबत, आप्पा."

"आता सांग पोरांना. वारा येऊ दे, पाऊस येऊ दे, मधीच तुटनार नाय. माझ्या शब्दावर सांग त्यांना."

ताईने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तारा ओढून त्यांच्या तळव्याची सालं निघाली होती. आमच्या घरात मुली बापाचा हात असा धरत नसत. आप्पा अवघडले, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

"सांगते," ताई म्हणाली.

आप्पा घाईने बाहेर पडले. थोड्या वेळाने बांधावरून त्यांचा आवाज आला. बाळूदादाला लांबूनच ओरडून सांगत होते, "सांगते म्हनली रं! सांगते म्हनली!"

ताई तो आवाज थांबेपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "मने, भिंतीकडं कर मला."

मी केलं.